मृत्युपत्र स्वतः लिहिताना

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, वकीलच हवा असंही नाही. साध्या कागदावर मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र कायद्याने पूर्ण चालतं. तरी कित्येक मृत्युपत्रं कोर्टात अडकतात, आणि बहुतेक वेळा कारणं टाळता येण्यासारखी असतात.

आधी फाइली काढा. प्रत्येक मालमत्तेपुढे लिहा: नाव कोणाचं, नॉमिनी कोण, कागद कुठे. फ्लॅटसाठी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमिनीसाठी ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा), शहरातल्या जागेसाठी मालमत्ता पत्रक. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव निघालं, तर आधी वारस नोंद करून घ्या. वडिलोपार्जित जमीन अख्खी देता येत नाही; मृत्युपत्राने जातो तो फक्त आपला हिस्सा.

काहीच लिहून ठेवलं नाही तर काय होतं, ते नीट समजून घ्या. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. पुरुषामागे बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना सारखा वाटा. समजा मागे बायको, दोन मुलं आणि आई आहे. फ्लॅटचे चार भाग झाले. पुढे आईही काही न लिहिता गेली, तर तिचा चौथा भाग तिच्या इतर मुलांकडेही जातो. म्हणजे बायकोचे दीर आणि नणंदा त्या फ्लॅटचे सहमालक, आणि विकायचा तर सगळ्यांच्या सह्या. मूलबाळ नसलेल्या विधवेची स्थिती याहून वाईट आहे. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर तिच्या आईवडिलांच्या आधी सासरच्या वारसांकडे जातं. अशा बाईने मृत्युपत्र अजिबात लांबवू नये.

मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र करता येतं. गोव्यात मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते आणि मृत्युपत्राची रीतही वेगळी आहे. तिथल्या लोकांनी हा मजकूर तसाच वापरू नये.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण ते वारसांचे असतात. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते, एवढंच. अपवाद आयुर्विम्याचा: नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच. म्हणून मृत्युपत्रात जे नाव, तेच नॉमिनेशनमध्ये ठेवा. पीएफचं लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं. ते आवर्जून बदला.

आता मजकूर. ‘माझा फ्लॅट मुलीला’ एवढं पुरत नाही. सोसायटीचं नाव, इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक, शेअर सर्टिफिकेट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि मग: ‘हा माझा स्वकष्टार्जित फ्लॅट त्यातील सर्व हक्कांसह माझी मुलगी हिला पूर्ण मालकीने मिळावा. ती माझ्याआधी निधन पावल्यास तो तिच्या मुलांना समान मिळावा.’ मुलीचं नाव आधारवर आहे तसंच. माहेरचं आणि सासरचं दोन्ही वापरात असतील तर दोन्ही लिहा. एफडीचे नंबर लिहू नका, नूतनीकरणात ते बदलू शकतात. बँक, शाखा आणि ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी असेल ती रक्कम’ असं लिहा.

सर्वांत घातक वाक्य हे: ‘फ्लॅट पत्नीला पूर्ण मालकीने, आणि तिच्यानंतर मुलाला.’ पूर्ण मालकी दिली की पुढचं ठरवणं तिच्या हाती गेलं, दोन्ही एकत्र बसत नाहीत, आणि यावरून वर्षानुवर्षं दावे चालतात. एकतर पूर्ण मालकी द्या, नाहीतर फक्त तहहयात राहण्याचा हक्क, विकण्याचा अधिकार नाही असं स्पष्ट लिहून. दुसरा मार्ग घ्यायचा तर हे एक कलम तरी वकिलाला दाखवा.

कुणा मुलाला वगळायचं असेल तर एका शांत वाक्यात कारण लिहा. शेवटी तीन ओळी हव्यातच: आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी मालमत्ता कोणाला, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, कोण.

सही दोन साक्षीदारांसमोर करा. त्यांनी तुम्हाला सही करताना पाहायला हवं आणि तुमच्यासमोर स्वतः सही करायला हवी. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात बोलवावं लागतं, मृत्युपत्र नोंदवलेलं असलं तरी. म्हणून साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान, सापडेल अशा पत्त्याचे आणि ज्यांना काहीच मिळणार नाही असे निवडा. प्रत्येक पानावर सही करा. खाडाखोड झाली तर तिथे तुमची आणि दोघांचीही सही हवी; त्यापेक्षा पान पुन्हा लिहिलेलं बरं. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच तारखेचं, ‘पूर्ण शुद्धीत व समजून’ असं म्हणणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केलेली चांगली. फी किरकोळ असते आणि मुदतीचं बंधन नाही. मात्र नंतर केलेलं साधं, न नोंदवलेलं मृत्युपत्रही आधीच्या नोंदवलेल्याला रद्द करू शकतं. शेवटची तारीख महत्त्वाची, म्हणून तारीख ठळक लिहा.

मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावर असलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर तुमच्यामागे उघडायलाच घरच्यांना कागदपत्रांची धावपळ करावी लागते. घरातली ठरलेली फाइल, आणि ती कुठे आहे हे एक्झिक्युटरला आजच सांगितलेलं असू द्या.