रब्बी ज्वारीचे पान अकाली पिकू नये म्हणून: नोव्हेंबरचा सल्ला

सोलापूर, नगर, बीड, धाराशिव भागांतील कोरडवाहू ज्वारी सध्या पोटरीच्या आसपास, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असण्याच्या अवस्थेत, आहे. दाणे भरताना, म्हणजे जानेवारीत, पाने हिरवी राहणार की करपणार, हे बहुतांशी आताच ठरते.

पान पिकणे हा रोग नव्हे. ठरावीक जनुके जागी होतात, हरितद्रव्य मोडले जाते आणि पानातील नत्र कणसाकडे वळते. मुळांच्या टोकांशी तयार होणारे सायटोकायनिन हे संप्रेरक ही क्रिया लांबवते. जमीन सुकली की त्याचा पुरवठा घटतो आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल हे ताणाचे संप्रेरक वाढते. या आम्लामुळे पानांची रंध्रे मिटून पाणी वाचते, पण ताण लांबला तर इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाच्या जोडीने तेच पानाला लवकर म्हातारे करते. मग दाणा भरण्यासाठी झाड धाटातली साखर ओढून घेते, धाट पोकळ होते आणि खडखड्या रोगाच्या बुरशीला वाट मिळते. लोळलेले ताट उभे चिरले, तर आत सुटे धागे व काळे बारीक ठिपके दिसतात.

इथिओपियातील ज्वारीतून आलेल्या ‘स्टे-ग्रीन’ (पाण्याच्या ताणातही पाने हिरवी ठेवणाऱ्या) गुणाचा अभ्यास येथे उपयोगी आहे. या गुणाच्या झाडाला फुटवे कमी येतात आणि त्याची वरची पाने लहान राहतात; त्यामुळे ते निसवण्यापूर्वी, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, पाणी कमी खर्च करते व उरलेली ओल दाण्यासाठी ठेवते. आपल्याकडे वाण कोणताही असो, मशागतीतून हेच साधायचे आहे.

म्हणून पीक आठ आठवड्यांचे होताच दातेरी कोळप्याने भेगा बुजवाव्यात. काळ्या जमिनीत या भेगांतूनच खोलवरची ओल उडते. एकच पाणी देता येत असेल, तर पन्नास ते पंचावन्न दिवसांच्या पोटरीतील पिकाला ते चुकवू नये. ओलिताची सोय नसेल, तर आता वरून युरिया टाकू नये. त्याने रान काही दिवस काळेभोर दिसते खरे, पण वाढलेला पाला पुढची ओल आधीच पिऊन टाकतो. संप्रेरकाच्या फवारणीवर खर्च करण्यापूर्वी मुळाशी ओल आहे का, हे पाहावे. कोरड्या जमिनीत अशा फवारणीचा भरवसा धरता येत नाही.

दाणा पक्व होताना खालची दोन-चार पाने वाळली तर घाबरू नये. गव्हात 2006 साली ओळखलेल्या एका जनुकावरून असे दिसले की, ते कार्यरत असताना पान लवकर पिकते आणि दाण्यात प्रथिने, लोह व जस्त जास्त उतरते. ज्वारीत मात्र कडब्यालाही मोल असल्याने हिरवेपणा आणि भरलेले कणीस दोन्ही पाहावे लागतात.

मालदांडीसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे घरचे बियाणे राखणाऱ्यांनी दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका येईल तेव्हा शेतात फिरावे आणि वरची पाने हिरवी, धाट टणक व कणीस भरलेले असलेल्या ताटांना सुतळी बांधावी. बांधालगतची व पाटाजवळची ताटे निवडू नयेत, कारण तिथला हिरवेपणा वाणाचा नसून जादा ओलीचा असतो.