सोसायटीच्या गेटवर चेहरा स्कॅन करणारं मशीन येतंय? करारावर सही व्हायच्या आधी हे करा

आमच्या सोसायटीत मागे एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला होता. गेटजवळ टॅब लावला, सेक्रेटरी समोर उभे राहिले, दोन सेकंदात गेट उघडलं आणि सगळे खूश, वर पहिले सहा महिने फुकट. मी विचारलं हे चेहरे साठवता कुठे, तर म्हणाला "सर सगळं सेफ आहे, क्लाउडवर आहे" आणि पुढची स्लाइड लावली. एवढ्यावर कमिटी सही करायला तयार होती! तेव्हापासून मी हा विषय धरून बसलोय, आणि ज्यांच्या सोसायटीत आता असा प्रस्ताव आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. कमिटीला वाटतं डेटा कंपनीकडे म्हणजे जबाबदारी पण कंपनीची. तसं नाहीये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ (सगळे डीपीडीपी म्हणतात) सांगतो की डेटा कशासाठी घ्यायचा आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो तो डेटा फिड्युशियरी, आणि त्याच्या वतीने जो सांभाळतो तो डेटा प्रोसेसर. इथे ठरवते सोसायटी, कंपनी फक्त प्रोसेसर. आणि कलम ८ सरळ म्हणतं की करारात काहीही लिहिलेलं असो, जबाबदारी फिड्युशियरीचीच. घरगुती कामासाठी एखाद्या माणसाने डेटा वापरला तर त्याला सूट आहे, पण नोंदणीकृत सोसायटी म्हणजे एखादा माणूस नाही. हे चेअरमनना शांतपणे समजावून सांगा, २५० कोटींच्या दंडाची भीती घालू नका. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे आणि दंड ठरवताना चूक किती गंभीर होती ते बघितलं जातं, उगाच घाबरवलं की लोक ऐकणंच बंद करतात.

आता हा कायदा पूर्ण लागू कधी होतो हे कोणीतरी विचारणारच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, डेटा प्रोटेक्शन बोर्डाची (तक्रारी ऐकून दंड ठरवणारं सरकारी मंडळ) तरतूद लगेच लागू झाली पण संमती, नोटीस, डेटा पुसणं वगैरे मुख्य गोष्टींसाठी १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. "मग आत्ता कशाला डोकं लावायचं" असं म्हणणारे भेटतील, त्यांना सांगा की मशीन आज बसलं तर ते २०२७ मध्ये पण गेटवरच असणार आहे आणि शेकडो लोकांचे चेहरे तोपर्यंत गोळा झालेले असतील. शिवाय २०११ च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक माहिती आधीपासूनच संवेदनशील धरलेली आहे, कंपन्यांना ती घ्यायला लेखी संमती लागते.

पहिलं काम, विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर रीतसर आणा. ऐनवेळच्या विषयात हे उरकू देऊ नका, आमच्याकडे तसंच होणार होतं, सगळ्यांना चहा-समोसे दिसत असतात आणि हात वर होतात. कमिटी ऐकत नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सभा मागता येते.

सभेच्या आधी कंपनीकडून लेखी उत्तरं मागवा, तोंडी नकोत. मशीन चेहऱ्याचा फोटो ठेवतं की त्यापासून बनवलेले आकडे, ज्याला टेम्प्लेट म्हणतात, की दोन्ही? ते गेटवरच्या डबड्यात राहतं की बाहेरच्या सर्व्हरवर जातं? कंपनी अजून कोणाला देते, स्वतःचं सॉफ्टवेअर शिकवायला वापरते का? करार संपला की किती दिवसांत पुसणार आणि पुसल्याचं पत्र देणार का? डेटा फुटला तर सोसायटीला किती तासांत कळवणार? हा शेवटचा प्रश्न सोडू नका, नवीन नियमांत सोसायटीला कळल्यापासून बोर्डाला सविस्तर माहिती द्यायला ७२ तास आहेत आणि कंपनीनेच उशिरा किंवा अर्धवट सांगितलं तर सोसायटी काय करणार. ही सगळी उत्तरं करारात उतरली पाहिजेत, ब्रोशरमध्ये असून उपयोग नाही.

मग संमती. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कुणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा, अन्यथा संमती समजली जाईल" असा मेसेज येतो ना, तो चालत नाही. कलम ६ प्रमाणे माणसाने स्वतः स्पष्टपणे हो म्हटलं पाहिजे, कशासाठी ते माहीत असताना, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. म्हणून दुसरा रस्ता हवाच, कार्ड किंवा ओटीपी किंवा साधं रजिस्टर. दुसरा रस्ताच नसेल तर ती संमती कसली. कार्ड हरवलं तर थोडक्या पैशात नवीन मिळतं, चेहऱ्याच्या बाबतीत तसं काही करता येत नाही.

आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं: त्या मशीनसमोर रोज सगळ्यात जास्त वेळा कोण उभं राहणार? कामवाल्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाला, डिलिव्हरीची पोरं. सभेत त्यांना मत नाही, आणि काम जाईल म्हणून ते नाही म्हणू शकत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारलं तर म्हणाल्या "दादा, फोटो काढायचा म्हटला तर काढतील, आपण काय बोलणार". त्यांच्या वतीने तुम्ही हो किंवा नाही लिहून देऊ शकत नाही, त्यांना स्वतःला विचारावं लागेल. नोटीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत मिळण्याचा पर्याय कायद्यातच आहे, तेव्हा मराठी-हिंदीत छापून घ्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि पहिलं वाक्य हेच असू द्या की कार्ड घेतलं तरी काम चालू राहील. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते, माझं मत असं की मुलांचे चेहरे घ्यायचेच नाहीत.

एवढं करूनही बहुमताने मशीन आलंच तर सेक्रेटरींना हे द्या आणि पोच घ्या: "गेटवरील यंत्रणेत माझा चेहरा नोंदवण्यास माझी संमती नाही. मला प्रवेशासाठी कार्ड द्यावे. आधीच नोंद झाली असल्यास ती सोसायटी व कंपनी दोघांकडून पुसून तसे लेखी कळवावे." उत्तर नाही आलं तर आधी सोसायटीकडेच तक्रार नोंदवायची, नियमांत त्यांना जास्तीत जास्त ९० दिवस आहेत, कायदा पूर्ण लागू झाला की त्यानंतर बोर्डाकडे ऑनलाइन जाता येईल.

आमच्याकडे शेवटी ठराव झाला तो असा: मशीन फक्त ज्यांनी सही केली त्यांच्यासाठी, बाकी सगळ्यांना कार्ड, आणि भाडेकरू फ्लॅट सोडताना एनओसीसोबत चेहरा पुसल्याचं पत्र. मावशींनी कार्ड घेतलं.