आईबापांच्या पोटगीचा अर्ज कसा लिहायचा

अमळनेरला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या ऑफिसबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं अर्ज लिहायचं टेबल आहे. म्हातारं माणूस येतं, स्टुलावर टेकतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, मना आंडोर माले इचारत नही," म्हणजे माझा मुलगा मला विचारत नाही. ते पूर्ण ऐकून घ्यायचं. पण अर्जात टाकायचं नाही. आईला विचारणं हे मुलाचं कर्तव्य खरं, पण त्याचा हुकूम कोणी काढू शकत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, कपडा, राहणं, औषधपाणी. तेवढंच मागायचं.

पारोळ्याकडच्या एक आजी हट्टाला पेटल्या होत्या, "नऊ महिने पोटात वाढवला ते लिही." मी म्हटलं, आजी, पिशवी उलटी करा. औषधांची बिलं निघाली, वीजबिल निघालं. किराणा २,२००, दूध ९००, गोळ्या ६४०, वीज ३१०. बेरीज ४,०५०. मग त्यांना दळण आठवलं, १२०. मागणी ४,१७० ची केली. उगाच गोल आकडा टाकला की समोरचा पहिला त्यालाच धरतो. महिन्याला १०,००० च्या वर मागता येत नाही.

पोरगा सुरतला असला तरी अर्ज आईबाप राहतात तिथल्या प्रांताकडे चालतो. आईबापाला वयाची अट नाही, वकीलही लागत नाही. आधार, बिलांच्या झेरॉक्स, मुलाचा पूर्ण पत्ता, आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी ३०. हुकूम होऊनही पैसे थकले तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज करा, गप्प बसू नका. न भरणाऱ्याला महिनाभरापर्यंत आत टाकता येतं.

आता मुलाच्या नावावर करून दिलेल्या वावराचं. इथे माझाच हात पोळलाय. एका काकांचं बक्षीसपत्र, म्हणजे वावर मुलाला फुकट देण्याचा दस्त, मी टाइप केला, नेहमीच्या साच्यात: 'प्रेमापोटी, कोणतीही अट न ठेवता.' दोन वर्षांत सुनेने ताट बंद केलं. याच कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द होऊ शकतो, पण सांभाळायच्या अटीवर दिलं असेल तर. अट नाही हे मीच लिहून ठेवलेलं. तेव्हापासून ती ओळ काढून 'देणाऱ्याचा हयातभर सांभाळ व औषधोपचार करण्याच्या अटीवर' असं टाकतो. पोरगा बाजूला उभा राहून तोंड वाकडं करतो. करू दे.

एका गोष्टीवर दर वेळी अडतं. कायद्याला मुलगा-मुलगी सारखेच, पण माय म्हणते, "पोरनं नाव नको," म्हणजे मुलीचं नाव नको. नको तर नको, एकट्या मुलावरही अर्ज चालतो. फक्त तिला आधीच सांगून ठेवा की पहिल्या तारखेला मुलगा उठून म्हणेल, बहिणीलाही बोलवा. तसं बोलवता येतं.