इंग्लंडच्या पॅरिशमध्ये सेवा करायचीय? आधी कोण काय करतं ते बघा

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीत वाढले. आता चर्च ऑफ इंग्लंडच्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या ठरलेल्या हद्दीत, रीडर (पाळक न होता उपदेश करणारी, उपासना चालवणारी सेविका) म्हणून सेवा करते. आपल्याकडून नव्यानं आलेले बरेच जण मला विचारतात, ‘चर्चमध्ये काहीतरी करायचंय, पाळकच व्हायला हवं का?’ माझं उत्तर ठाम असतं: नाही. एकेका व्हिकरकडे, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाळकाकडे, आज अनेक चर्चेस असतात. पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या माणसांनी भार उचलला नाही, तर कित्येक ठिकाणी रविवारची उपासनाच होणार नाही.

काही ठिकाणी मुख्य पाळकाला रेक्टर म्हणतात, पण व्हिकर आणि रेक्टर यांच्या कामात आता फरक नाही. तो जुन्या काळातल्या दशांशाच्या (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या) हक्कांमुळे पडलेला. क्युरेट म्हणजे नव्यानं दीक्षा मिळालेले, व्हिकरच्या हाताखाली शिकणारे पाळक. पहिलं वर्ष ते बहुधा डीकन, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीवर, असतात; पुढची पायरी प्रीस्टची. डीकन उपदेश करतात, बाप्तिस्मा देतात, अंत्यविधी चालवतात. पण प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वचन ही कामं प्रीस्टचीच. उपासना डीकन किंवा रीडर चालवत असेल तेव्हा कान देऊन ऐका. ‘देव तुम्हांला क्षमा करो’च्या जागी ‘देव आम्हांला क्षमा करो’ असं म्हटलं जातं. सेवेची हद्द तिथे स्पष्ट कळते.

रीडरला बिशपचा परवाना लागतो. हे पद 1866 मध्ये पुन्हा सुरू झालं, स्त्रियांना 1969 पासून खुलं झालं. झग्यावर निळा स्कार्फ दिसला की ओळखा. आम्ही उपदेश करतो, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना चालवतो, अंत्यविधीही करतो. लग्न मात्र लावू शकत नाही. नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षं धर्मशास्त्र शिकावं लागतं, आणि पगार नसतो. घरच्यांशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका. संध्याकाळचे निबंध आणि शनिवारची उपदेशाची तयारी अख्ख्या घराला सोसावी लागते.

माझ्या मते सर्वांत कमी दाद मिळते ती चर्चवॉर्डनना, म्हणजे चर्चचा कारभार सांभाळायला निवडलेल्या पदाधिकाऱ्यांना. सहसा दोघं असतात. त्यांची निवड दरवर्षी 31 मेपर्यंत होते, आणि पॅरिशच्या हद्दीत राहणारा, स्थानिक सरकारी निवडणुकीच्या यादीतला कुणीही मतदार मत देऊ शकतो, चर्चला येत नसला तरी! चर्चमधल्या जंगम वस्तूंची मालकी कायद्यानं त्यांच्याकडे असते. रविवारी लवकर येऊन हीटिंग लावणं, डोकी मोजून उपस्थिती रजिस्टरमध्ये लिहिणं, अर्पणाचे पैसे दुसऱ्या माणसासोबत मोजणं, गळक्या छपरासाठी कारागीर शोधणं, असं सगळं त्यांच्या गळ्यात. व्हिकरची जागा रिकामी पडली की नवे पाळक येईपर्यंत, काही वेळा महिनोन्‌महिने, गाडा तेच ओढतात.

पॅरिशचा कारभार बघणारं पॅरिश कौन्सिल आपल्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीसारखं वाटेल, पण इथले सदस्य धर्मादाय संस्थेचे विश्वस्तही असतात. हिशेब आणि मुलांची, दुर्बलांची सुरक्षितता ही कायदेशीर जबाबदारी असते. मान म्हणून उभे राहू नका. मागच्या वर्षीचे हिशेब मागून वाचा, मगच हो म्हणा.

सुरुवात लहान कामानं करा. शास्त्रपाठ वाचा, मध्यस्थीची प्रार्थना चालवा, आजाऱ्यांच्या भेटीला कुणाबरोबर तरी जा. मन तिकडेच ओढ घेत राहिलं तर व्हिकरशी बोला. रीडर व्हायला त्यांचा आणि कौन्सिलचा पाठिंबा लागतो. दीक्षेसाठी पुढची पारख धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या) पातळीवर होते आणि तिला वेळ लागतो.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या चर्चेसच्या जागतिक परिवारात, असल्यानं तिथल्या सभासदांना इथे परकं मानत नाहीत. बाप्तिस्मा झालेला, वय 16 पूर्ण आणि पॅरिशमध्ये राहत असाल, किंवा बाहेर राहूनही सहा महिने नियमित उपासनेला येत असाल, तर इलेक्टोरल रोलवर, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या मतदार यादीत, नाव घाला. कौन्सिलवर यायला ते लागतंच. भारतात दीक्षा घेतलेल्या पाळकांना मात्र इथे सेवा करण्याआधी आर्चबिशपची परवानगी लागते, तेव्हा दीक्षेची कागदपत्रं येतानाच सोबत आणा.