मुतखडा शॉकवेव्हने फोडायचाय? आधी हे बघून घ्या

सोलापूरचं ऊन, त्यात लूमवर दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी कमी प्यायचं, मग मुतखडा होणारच की. तर आधी सीटी स्कॅन करा, खडा किती एमएमचा, कुठं आणि किती कडक ते त्यात कळतं. लहान, ५ एमएमच्या आतला असेल तर बऱ्याचदा आपोआप पडतो, किडनीतला २ सेंटीमीटरपर्यंतचा असेल तर शॉकवेव्हचा (म्हणजे बाहेरनं ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडायचा) विचार होतो, पण फार कडक किंवा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर डॉक्टर दुर्बिणीच्या ऑपरेशनचंच म्हणतील, उगं हट्ट करू नका.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. लघवीत इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं करतात, आणि गरोदरपणात शॉकवेव्ह करतच नाहीत.

मशीनवर झोपवतात, एक्स-रे किंवा सोनोग्राफीत खडा बघून बाहेरनं धक्के देतात, टकटक आवाज येतो, साधारण पाऊण-एक तास. चिरफाड नाही, बहुतेक जण त्याच दिवशी घरी.

खरं काम पुढंच आहे. चुरा लघवीतनं पडायला काही आठवडे लागतात. लघवी चहाच्या गाळणीतनं गाळा (गाळणी वेगळी ठेवा बरं का, नायतर घरात भांडणं!), सापडलेले तुकडे डबीत घालून तपासायला द्या. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच अडकली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.