ओसाड घरठाणावर जुन्या वस्तूंचा शोध कसा घ्यावा

वस्ती उठून गेलेल्या घरठाणावर जुन्या वस्तू शोधायला जाणाऱ्याने पहिल्या दिवशी खणण्याचे हत्यार सोबत नेऊच नये, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. वस्तू मातीतून काढायला पाच मिनिटे पुरतात. परंतु ती नेमकी कोठे, कशाच्या शेजारी आणि किती खोल पडलेली होती, हे एकदा उकरलेली माती पुन्हा सांगत नाही.

जागा कितीही ओसाड दिसली तरी तिला मालक असतो, म्हणून त्याची लेखी परवानगी घ्यावी आणि सापडलेल्या वस्तू कोणाच्या, हेही त्याच कागदावर ठरवून टाकावे. जमीन सरकारी असेल किंवा स्थळ संरक्षित असेल, तर तेथील कायदा आधी वाचावा. अमेरिकेत, उदाहरणार्थ, १९७९ च्या कायद्यानुसार संघराज्याच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष परवान्याविना काढणे हा गुन्हा आहे.

पहिली फेरी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर मारावी, कारण तिरप्या उजेडात जमिनीतला वीतभर उंचवटाही सावली टाकतो आणि जोत्याची कड, पायवाट किंवा बुजलेला खड्डा उठून दिसतो. सरळ रेषेत मांडलेले दगड, रानात एकटेच उभे असलेले फळझाड, राखेने काळसर झालेली माती अशा खुणांवरून घर, अंगण आणि परसाची बाजू ओळखता येते. पावसानंतर गेल्यास खापऱ्या आणि काचा धुऊन वर आलेल्या असतात. काठीने जमीन चाचपत चालावे, कारण कुजलेल्या फळ्यांनी झाकलेली जुनी विहीर गवताखाली अजिबात कळत नाही. एकट्याने जाऊ नये, जाड तळाचे बूट घालावेत, धनुर्वाताची लस घेतलेली असावी आणि विहिरीत किंवा तळघरात कोणत्याही मोहाने उतरू नये, कारण तेथील हवा प्राणघातक असू शकते.

त्यानंतर नकाशा काढावा. भिंतीचा कोपरा आणि मोठे झाड असे दोन पक्के बिंदू निवडून प्रत्येक वस्तूचे दोन्हींपासूनचे अंतर फितीने मोजले, की तिची जागा कागदावर कायमची पक्की होते. मला एकदा एका जोत्याच्या आतल्या बाजूस पितळी अंगुस्तान सापडले, त्याच्या टोकाला सुईच्या बोथट बाजूने झिजून एक छिद्रच पडले होते. त्यापासून हातभर अंतरावर शिंपल्याच्या दोन गुंड्या होत्या, आणि नकाशावर तिन्ही खुणा पूर्वेकडच्या दारालगत आल्या. कोणीतरी सकाळच्या उजेडासाठी तेथे बसून शिवत असावे, हा तर्क मला त्या तीन ठिपक्यांमुळेच करता आला.

धातुशोधक यंत्र वापरत असाल तर त्याची लहान चकती लावावी आणि ती अगदी हळू फिरवावी. घर पडलेल्या जागी खिळ्यांचा इतका सडा असतो की मोठ्या चकतीखाली नाणे आणि खिळा एकदमच येतात व नाण्याचा आवाज दबून जातो. आवाज मिळालेल्या ठिकाणी गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटावा, माती कापडावर काढावी आणि काम झाल्यावर सारे होते तसे बसवावे. खाली राखेचा थर, फरसबंदी किंवा हाडे दिसू लागली, तर तेथेच थांबून पुरातत्त्वाच्या जाणकारास कळवावे.

काळ ठरवायला खिळ्यांसारखा साक्षीदार नाही. हाताने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो, यंत्राने कापलेला दोनच बाजूंनी, आणि गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाले. बाटलीचा साच्याचा सांधा थेट ओठावरून गेला असेल, तर ती बहुधा १९०३ च्या सुमारास आलेल्या स्वयंचलित यंत्रानंतरची असते, आणि दातेरी कडांचे पत्र्याचे बूच १८९२ पूर्वीचे असूच शकत नाही. मात्र या खुणा वस्तू अमुक काळाच्या आधीची नाही एवढेच सांगतात. जुने खिळे लोक सरळ करून पुन्हा वापरत, त्यामुळे एकट्या खिळ्यावरून घराचे वय ठरवू नये.

नाणे घासण्याचा मोह आवरावा, कारण घासताना मातीबरोबर अक्षरेही जातात. पक्क्या भाजलेल्या खापऱ्या पाण्यात मऊ कुंचल्याने धुवाव्यात, लोखंड कोरडे ठेवावे. ओल्या मातीतून निघालेले चामडे किंवा लाकूड मात्र ओलेच गुंडाळावे, कारण वाळताच ते आकसून तडकते. प्रत्येक वस्तूच्या पिशवीत तारीख, ती किती खोल सापडली ते आणि नकाशावरील क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि त्या नकाशाची एक प्रत मालकाच्या हाती द्यावी.