अलार्मसाठी सेल्युलर कम्युनिकेटर कसा निवडावा

घरफोडी करणारा आत शिरण्याआधी बाहेरची टेलिफोनची वायर कापतो, हा प्रकार जुनाच. वायर तुटली की भोंगा कितीही वाजो, मॉनिटरिंग सेंटरला, म्हणजे अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला, पत्ताच लागत नाही. सेल्युलर कम्युनिकेटर हा त्यावरचा उपाय. पॅनलला (अलार्मच्या मुख्य पेटीला) जोडलेली, पोटात सिम असलेली ही छोटी पेटी अलार्मचा निरोप मोबाइल नेटवर्कवरून पोचवते. लँडलाइन काढून इंटरनेटवर चालणारा फोन घेतला असेल तर तिची गरज आणखी वाढते, कारण जुनी पॅनल्स टेलिफोनवरून सुरांच्या भाषेत बोलतात आणि आवाज आक्रसून पाठवणाऱ्या इंटरनेट फोनवर ते सूर बिघडतात.

विक्रेता आधी मोबाइलमधले ॲप दाखवतो. ते बघायला छान असते, पण निवड त्यावरून करू नये. हे उपकरण वर्षानुवर्षे गप्प राहणार आणि एखाद्याच रात्री बोलणार. म्हणून ते चालू असताना काय काय करते यापेक्षा, ते बंद पडले तर कुणाला आणि किती वेळात कळेल, हा प्रश्न आधी विचारा.

१. आधी पॅनल ओळखा

पॅनलचे झाकण उघडण्यापूर्वी सेंटरला फोन करून यंत्रणा चाचणीवर टाकायला सांगा. झाकणाला बहुधा टॅम्पर स्विच, म्हणजे झाकण उघडताच इशारा देणारे बटण, असतो, नाहीतर उगाच धावाधाव होते. आतला मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

कम्युनिकेटर पॅनलला दोन प्रकारे जोडता येतो. पहिल्यात तो पॅनलच्या टेलिफोनच्या दोन टर्मिनलांवर बसतो आणि आपणच टेलिफोन लाइन असल्याचे सोंग करतो. डायल टोन देतो, पॅनलने लावलेला नंबर ऐकतो, १४०० आणि २३०० हर्ट्झच्या सुरांनी ‘बोला’ म्हणतो आणि पॅनलने सांगितलेला कोड टिपून मोबाइल नेटवर्कवरून पुढे धाडतो. हे कोड बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट आयडी नावाच्या पद्धतीत असतात. त्यात १३० म्हणजे घरफोडी, ११० म्हणजे आग, ३०१ म्हणजे वीज गेली. या पद्धतीची मोठी सोय अशी, की कॉन्टॅक्ट आयडी बोलणारे जवळपास कुठलेही जुने पॅनल चालते.

दुसऱ्या प्रकारात कम्युनिकेटर कीपॅड जोडलेल्या बसवर, म्हणजे डेटाच्या वायरवरच बसतो. मग मोबाइलवरून यंत्रणा चालू-बंद करता येते आणि कुठला झोन (दार, खिडकी असा यंत्रणेचा एकेक भाग) उघडा आहे तेही दिसते. मात्र प्रत्येक कंपनीची बस वेगळी, त्यामुळे कम्युनिकेटर नेमक्या त्याच पॅनलसाठी बनलेला हवा. ‘सगळ्यांना चालतो’ असे कुणी म्हणाले तर तुमचा मॉडेल क्रमांक त्याच्या सुसंगत पॅनलांच्या यादीत दाखवायला सांगा.

२. नेटवर्क किती वर्षे जगेल?

अलार्मच्या धंद्याला हा फटका पुन्हा पुन्हा बसला आहे. अमेरिकेत २००८ मध्ये ॲनालॉग मोबाइल सेवा गेली, २०१७ च्या सुरुवातीला एटी अँड टीचे २जी गेले आणि २०२२ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राचे ३जी ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले. दर वेळी भिंतीवरची धडधाकट उपकरणे एका दिवसात निकामी झाली. तेव्हा गोदामात उरलेला २जी किंवा ३जीचा माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

४जी म्हणजे एलटीई घ्यायचे, इतके ठरले. त्यातही जाती आहेत. कॅट-१ चा वेग १० मेगाबिटपर्यंत, कॅट-एम१ चा सुमारे १ मेगाबिट. अलार्मचा निरोप जेमतेम काही बाइटचा असल्यामुळे वेगाचे इथे काही काम नाही. कॅट-एम१ कमी वीज खाते आणि जाड भिंतींमागे, तळघरात जास्त चांगले पोचते. पण ती सेवा तुमच्या भागातल्या कंपनीने सुरू केलेली असली पाहिजे. कॅमेऱ्याची चित्रेही याच वाटेने पाठवायची असतील तरच कॅट-१ चा विचार करा.

३. रेंज जागेवर मोजा

मोबाइलवरच्या दांड्या फसव्या असतात. एक तर तुमचा फोन वेगळ्या कंपनीचा असू शकतो आणि पॅनल बहुधा जिन्याखाली किंवा कपाटात असते. कम्युनिकेटर हातात धरून त्याच्या स्वतःच्या मापकावर डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककातला) आकडा बघा. एलटीईची आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ९० च्या आसपास असेल तर चिंता नाही. उणे ११० च्या खाली घसरत असेल तर ती जागा सोडा. पत्र्याच्या पेटीत अँटेना ठेवू नका. बाहेरचा अँटेना लावता येणारे मॉडेल घेतलेले बरे, फक्त केबल लांबवू नका, कारण लांब केबल मिळवलेली रेंज वाटेतच खाते.

४. हजेरीची वेळ विचारा

कम्युनिकेटर ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असे कळवतो. हजेरी चुकली की सेंटरला बिघाड दिसतो. हे अंतर किती, यावर सारे अवलंबून आहे. युरोपच्या ईएन ५०१३६ मानकात एका मार्गाच्या यंत्रणांचे वर्ग आहेत: एसपी२ मध्ये बिघाड कळायला २५ तास चालतात, एसपी३ मध्ये ३० मिनिटे, एसपी४ मध्ये ३ मिनिटे, एसपी५ मध्ये ९० सेकंद. २५ तास आणि ३ मिनिटे, दोन्ही यंत्रणांच्या पत्रकावर शब्द मात्र एकच असतो: ‘देखरेख’. अमेरिकेत आगीच्या यंत्रणांसाठीच्या एनएफपीए ७२ मध्ये एकाच मार्गावर चालणाऱ्या यंत्रणेला ६० मिनिटांची मर्यादा आहे. राहत्या घराला अर्धा तास पुष्कळ झाला. सोन्याचांदीच्या दुकानाला ३ मिनिटांहून जास्त नको. हजेरी जितकी दाट तितका महिन्याचा खर्च वाढतो, म्हणून कोणी आपणहून ती सुचवत नाही.

सिग्नल दाबणारे जॅमर चोरांच्या हाती असतात. जॅमर ओळखण्याची सोय असली तर उत्तम, पण सेंटरपर्यंत बातमी पोचते ती हजेरी चुकल्यामुळेच.

५. दुसरी वाट

इंटरनेट आणि सेल्युलर असे दोन्ही मार्ग असलेले उपकरण परवडत असेल तर तेच घ्या. एकाच उपकरणात दोन कंपन्यांची सिम, किंवा अनेक नेटवर्कवर फिरणारे एक सिम, हाही चांगला पर्याय आहे. मात्र जॅमरपुढे दोन्ही सिम सारखीच.

एक धोका मार्ग वाढवूनही टळत नाही. चोर दार फोडून सरळ पॅनलकडे जातो आणि कोड टाकण्यासाठी दिलेल्या ३०-४५ सेकंदांतच ते भिंतीवरून उपटतो. काही सेवा दार उघडताक्षणीच सर्व्हरला कळवून ठेवतात आणि वेळेत बंद केल्याचा निरोप आला नाही तर अलार्म धरतात. ही सोय आहे का, हे नक्की विचारा.

६. विजेचा हिशोब

पॅनलमधली बॅटरी साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. यंत्रणा आधीच २०० मिलीअँपिअर घेत असेल तर कागदावर ३५ तास मिळतात. त्यात १०० मिलीअँपिअरचा कम्युनिकेटर जोडला की २३ उरतात, आणि जुन्या बॅटरीवर त्याहून बरेच कमी. आगीच्या यंत्रणेला २४ तासांचा साठा लागतो. तिथे मोठी बॅटरी, किंवा स्वतःची बॅटरी असलेला कम्युनिकेटर बघा.

७. करार

सिम कोणाच्या नावावर, सेंटर बदलले तर उपकरण तिकडे चालेल का, आणि नेटवर्क बंद पडले तर बदलीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. काही उपकरणे एकाच सेवेला कुलूपबंद असतात. ती स्वस्त का, ते करार मोडताना कळते. निरोप एईएस या प्रमाणित पद्धतीने कूटबद्ध होतो का, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही ना, तेही पत्रकात तपासा.

८. बसवल्यावर

सेंटरला पुन्हा चाचणीची कल्पना द्या. राउटर बंद करून एकेक झोन वाजवा, पोचलेले कोड आणि झोनची नावे फोनवर जुळवून घ्या. इंटरनेटचाही मार्ग असेल तर मग राउटर चालू करून अँटेना झाकून तेच करा. त्यानंतर कम्युनिकेटरची वीज आणि बॅटरी दोन्ही काढा आणि घड्याळ लावा. टेलिफोन लाइनचे सोंग करणारा कम्युनिकेटर असेल आणि पॅनलमध्ये लाइनची तपासणी चालू असेल, तर कीपॅडने टेलिफोन लाइन तुटल्याचा इशारा द्यायला हवा. आणि सेंटरला करारात लिहिलेल्या वेळेत बिघाड दिसायला हवा. तो दिसला नाही तर बसवणाऱ्याचे उरलेले पैसे देण्याआधी त्याच्याकडून हजेरीचे अंतर बदलून घ्या.